स्वच्छ साखर आणि काट्याची पावती

हल्लीं साखर कारखान्यांच्या अहवालांतून व वार्षिक सभांतील भाषणांतून “पर्यावरणपूरक पुरवठा साखळी” असा एक शब्दसमूह वारंवार आढळूं लागला आहे. शब्द जड असले तरी त्यांचा अर्थ कळण्यास अवघड नाहीं. कारखान्याच्या फाटकाच्या आंत काय चालतें एवढ्यावर गिऱ्हाईक आतां समाधान मानीत नाहीं. फाटकांतून आंत येणारा माल कोणाच्या रानांतला, किती पाण्यावर पिकलेला व कशा रीतीनें तोडलेला, याचीही तें विचारपूस करूं लागलें आहे. गिऱ्हाईक कारखान्यास विचारतें, कारखाना आपल्या गट कार्यालयास विचारतो, आणि गट कार्यालयाचा मनुष्य छापील कागद घेऊन आपल्या बांधावर येतो. साखळीची शेवटची कडी म्हणजे ऊंस पिकविणारे आपण.

ही विचारपूस अन्यायाची आहे असें आम्हांस वाटत नाहीं. जमीन चोपण होत चालली, विहिरी खोल गेल्या, ओढ्याचें पाणी जनावर तोंडीं लावीत नाहीं, हीं दुःखें परदेशी गिऱ्हाइकाच्या आधीं आपलीं आहेत. परंतु स्वच्छ रीतीनें पिकविलेल्या उंसाचा मोबदला जोंवर काट्याच्या पावतीवर उतरत नाहीं, तोंवर हे सारे छापील कागद गट कार्यालयाच्या कपाटांत पडून राहणार, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें कां, हें येथें थोडें विस्तारानें सांगतों.

प्रथम, कारखान्यास याची गरज कां पडली तें पाहूं. आपल्या देशांतील अर्ध्याहून अधिक साखर घरगुती डब्यांत जात नसून शीतपेयें, बिस्किटें, मिठाई, आइस्क्रीम करणाऱ्या मोठ्या खरेदीदारांकडे जाते. हे खरेदीदार शेअर बाजारांत उभे असतात व परदेशांतही व्यापार करतात. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनें २०२२-२३ पासून पहिल्या एक हजार कंपन्यांस पर्यावरण व समाज यांविषयींचा वार्षिक जबाब सक्तीचा केला. पुढें २०२३ सालीं पहिल्या अडीचशे कंपन्यांनीं आपल्या माल पुरविणारांचाही तपशील द्यावा असें ठरविलें. जर्मनीचा पुरवठा साखळीविषयींचा कायदा १ जानेवारी २०२३ रोजीं लागू झाला. युरोपियन संघानें २०२४ सालीं तशाच आशयाचा निर्देश काढला. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत न्यूयॉर्क टाइम्स या अमेरिकन पत्रानें बीड जिल्ह्यांतील ऊंसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या हालांविषयीं लांबलचक लेख छापला, व त्यांत दोन जगप्रसिद्ध पेय कंपन्यांचीं नांवें आलीं. अब्रूची भीति ही कायद्याहून प्रबळ असते. तेव्हांपासून विचारपुशीचा जोर वाढला.

तथापि ह्या कायद्यांच्या भरवशावर आपण कांहीं उभारावें असें नाहीं. युरोपियन निर्देशाची अंमलबजावणी २०२५ सालीं एक वर्ष पुढें ढकलली गेली. सेबीनेंही त्याच वर्षीं माल पुरविणारांचा तपशील देणें ऐच्छिक केलें. म्हणजे वरून येणारा दट्ट्या एका वर्षीं घट्ट, तर दुसऱ्या वर्षीं सैल. बारा ते अठरा महिने रानांत उभें राहणारें पीक व त्यामागून दोन-तीन खोडवे, अशा मोठ्या मुदतीचा हिशेब असल्या लहरी दट्ट्यावर बसवितां येत नाहीं.

कारखानदारींत स्वच्छता खरोखर कशामुळें आली, याचा इतिहास पाहिला तर गोष्ट उघड होते. १९३२ सालच्या साखर संरक्षण कायद्यानंतर देशांत कारखाने भराभर निघाले, तेव्हां मळी ही एक पीडाच होती. ती कोठें टाकावी हा प्रश्न पडे. खड्डे भरत, दुर्गंधि सुटे, गांवें तक्रार करीत. १९४८ सालीं मद्यार्क पेट्रोलांत मिसळण्याविषयीं कायदा झाला; पण त्याचा म्हणावा तसा उपयोग पुढें कित्येक वर्षें झाला नाहीं. पुढें इथेनॉलास ठरीव भाव मिळूं लागला. पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें जें उद्दिष्ट २०३० सालासाठीं होतें तें पुढें २०२५-२६ वर आणण्यांत आलें. आणि मळीच्या टाक्यांस कुलुपें लागलीं! बगॅसचेंही तेंच झालें. शंभर टन उंसामागें सुमारें अठ्ठावीस ते तीस टन बगॅस निघतें. पूर्वीं तें कारखान्याच्या आवारांत डोंगरासारखें पडून राही व उन्हाळ्यांत पेट घेई. त्यावर वीज करून ती मंडळास विकतां येऊं लागली, तेव्हांपासून बगॅसचा एक भाराही कोणी वायां जाऊं देत नाहीं. या दोन्ही गोष्टी कोणाच्या उपदेशानें झाल्या नाहींत. भाव मिळाला म्हणून झाल्या.

उलट बाजूही पाहावी. मळीपासून एक लिटर मद्यार्क करतांना आठ ते पंधरा लिटर काळें सांडपाणी निघतें. त्यास भाव नव्हता; म्हणून तें रात्रीच्या वेळीं ओढ्यांत सोडण्याची वाईट चाल कित्येक ठिकाणीं पडली, व नदीकांठच्या लोकांनीं त्याचें फळ भोगलें. केंद्रीय प्रदूषण मंडळानें २००३ सालापासून त्यावर बंधनें घातलीं. आतां थेंबही बाहेर सोडूं नये असा नियम आहे. नियमानें कांहीं काम झालें, तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तें सांडपाणी आटवून जाळलें असतां राखेंत पालाश उरतो, ही गोष्ट ध्यानांत आल्यावर त्या कामास निराळीच गति आली. २०२१ सालीं ह्या मळीजन्य पालाशास केंद्र सरकारच्या खत अनुदानाच्या यादींत स्थान मिळालें. त्यांत निदान साडेचौदा टक्के पालाश असतो. आपला देश म्युरेट ऑफ पोटॅश सर्वच्या सर्व परदेशांतून आणतो, हें वाचकांस ठाऊक आहेच. हा पालाश मूळ कोठला? तुमच्या आमच्या रानांतला. तो उंसाबरोबर कारखान्यांत गेला, मळींत उतरला, व राखेच्या पोत्यांतून बाहेर आला. हें लक्षांत असूं द्यावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां आपल्या बाजूकडे येऊं. उंसाचा भाव कसा ठरतो? केंद्र सरकार दर वर्षीं रास्त व किफायतशीर दर जाहीर करतें. २०२५-२६ च्या हंगामासाठीं सव्वादहा टक्के उताऱ्यास क्विंटलमागें ३५५ रुपये, व त्यावर दर ०.१ टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे, असा तो होता. हा उतारा कोणाचा? सगळ्या कारखान्याचा मिळून सरासरी. कारखान्याचे पंधरा हजार सभासद असले, आणि त्यांतील एकानें बेणें निवडून, खत मोजून, वेळेवर तोड घेऊन आपल्या उंसांत साखर वाढविली, तरी ती वाढ पंधरा हजार जणांत विरून जाते. त्याच्या पावतीवर वजन येतें, दुसरें कांहीं येत नाहीं. म्हणून मनुष्य वजनाच्या मागें लागतो. को ८६०३२ ह्या जातीस साखर चांगली. पण चोपण रानांत व वजनाच्या लोभानें फुले २६५ लावण्याकडे अनेकांचा ओढा असतो, आणि कारखान्याचे शेतकी अधिकारी त्या जातीची नोंद घेतांना नाकें मुरडतात. दोघेही आपापल्या जागीं शहाणेच आहेत. पावती एकच गोष्ट मोजते, म्हणून दोघांचे रस्ते निराळे होतात.

साखरेच्या उताऱ्याची जर ही गत, तर पाण्याची व मातीची काय कथा! ठिबकानें उंसाचें पाणी शेंकडा चाळीसपर्यंत वांचतें असें मांजरी येथील वसंतदादा साखर संस्था व आपलीं कृषि विद्यापीठें सांगत आलीं आहेत, व ज्यांनीं मनापासून ठिबक चालविलें त्यांचा अनुभवही तसाच आहे. २०१७ सालीं राज्य सरकारनें उंसास ठिबक टप्प्याटप्प्यानें सक्तीचें करण्याचें ठरविलें. कर्जावर शेतकऱ्यास दोनच टक्के व्याज, बाकीचें व्याज सरकार व कारखाना यांनीं सोसावयाचें, अशी योजना होती. तरीही उंसाचें पुष्कळ क्षेत्र आज पाटपाण्यावरच आहे. याचें कारण आळस असें म्हणणारांनीं थोडा हिशेब करावा. कालव्याचें पाणी बहुतेक ठिकाणीं पिकाच्या क्षेत्रावर आकारतात, मोजून नव्हे. तेव्हां निम्मे पाणी वांचविलें तरी पट्टी तेवढीच. विहिरीच्या पंपास २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत वीज माफ आहे. ही माफी काढून घ्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही एवढेंच दाखवितों कीं, पाणी वांचविणारास पट्टींत सूट नाहीं, बिलांत सूट नाहीं, आणि उंसाच्या दरांतही कांहीं नाहीं. वांचलेल्या पाण्याचा लाभ होतो तो खालच्या शिवारास किंवा पुढच्या पिढीस. असा परोपकार करणारे कांहीं असतात, पण त्यांच्यावर कारखान्याची साखळी चालत नाहीं.

पाचटाचा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो प्रत्येकाच्या हातांतला आहे. एकरीं तीन ते चार टन पाचट निघतें. त्यांत नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पालाश पाऊण ते एक टक्का, आणि सेंद्रिय कर्ब बत्तीस ते चाळीस टक्के. साडेतीन टन धरले तर सतरा किलो नत्र, पंचवीस ते पस्तीस किलो पालाश व टनाहून अधिक कर्ब, एवढें धन आपण एका काडीनें तासाभरांत धुरांत घालवितों. नत्र व कर्ब आकाशांत गेले, जमिनीवरचे जीवजंतू भाजले, आणि शेजाऱ्याच्या उभ्या उंसास ठिणगी लागली तर कज्जा निराळाच. हें सारें आपणांस कळत नाहीं काय? चांगलें कळतें. मग हात काडेपेटीकडे कां जातो?

कारणें अशीं. पाचट राखावयाचें तर तोड झाल्याबरोबर तें सरींत ओढावें लागतें किंवा यंत्रानें कुट्टी करावी लागते. बुडखे छाटावे लागतात. टनामागें आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट व एक किलो कुजविणारें संवर्धक टाकावें लागतें. म्हणजे एकरीं अठ्ठावीस किलो युरिया, पस्तीस किलो सुपर फॉस्फेट, शिवाय मजुरी अथवा यंत्राचें भाडें. हें सगळें फेब्रुवारी-मार्चमध्यें, जेव्हां उंसाचा पहिला हप्ता हातीं आलेला नसतो व सोसायटीचें कर्ज डोक्यावर असतें. पाचटाच्या रानांत पाटपाणी लवकर पुढें सरकत नाहीं. उंदीर व सापाची भीति आहे. आणि लाभ? तो कांहीं अंशीं त्याच खोडव्यांत, पण बराचसा पुढील वर्षीं व त्याच्या पुढील वर्षीं. खर्च आजचा व लाभ परवांचा, अशा व्यवहारांत ज्याच्या गांठीं पैसा आहे तोच उतरतो. दोन एकरांचा धनी काडी ओढतो. त्यास नांवें ठेवण्यापूर्वीं त्याच्या जागीं बसून पाहावें.

याहून वाईट प्रकार म्हणजे उभा ऊंस पेटवून तोडणें. त्यास कारखाना वजावट लावतो, म्हणजे शिक्षा आहे. तरी हंगामाच्या अखेरीस असे फड दिसतात. कारण असें कीं, नोंदीप्रमाणें तोड मिळत नाहीं. ऊंसाला तुरा येतो, वजन घटतें, पाणी संपत येतें. मुकादमाकडे खेपा घालाव्या लागतात, टोळीस खुशाली द्यावी लागते. पेटविलेला ऊंस कारखान्यास तांतडीनें न्यावाच लागतो, व टोळीचें कामही हलकें होतें. म्हणजे जाळण्याचा दोष पावतीवर शेतकऱ्याच्या नांवें पडला, तरी त्याचें मूळ बहुधा तोडणीच्या कार्यक्रमांत असतें. स्वच्छतेची तपासणी करणारा मनुष्य रान पाहतो, पण गट कार्यालयाची तोडणीची वही पाहत नाहीं, ही त्या तपासणींतील मोठी उणीव आहे. वजावट करावयाची ती अवश्य करावी. परंतु नोंदीच्या तारखेपासून अमुक दिवसांत तोड दिली नाहीं तर कारखान्याकडूनही कांहीं वजा झालें पाहिजे.

ब्राझील देशांतील साऊं पाउलो प्रांताचें उदाहरण येथें उपयोगी आहे. तो मुलूख जगांत सर्वांत अधिक ऊंस गाळणाऱ्या प्रदेशांपैकीं आहे, व तेथें उभा ऊंस पेटवून तोडण्याची चाल सर्रास होती. २००२ सालीं तेथील विधिमंडळानें ही चाल हळूहळू बंद करण्याचा कायदा केला. यंत्र चालूं शकेल अशा रानांत २०२१ पर्यंत व इतरत्र २०३१ पर्यंत मुदत दिली. परंतु २००७ सालीं सरकार व कारखानदार यांनीं एक करार करून ती मुदत २०१४ व २०१७ वर अलीकडे ओढली. ऊंस पिकविणारांची संघटनाही लवकरच त्या करारांत सामील झाली. कायद्याच्या आधीं लोक स्वतः पुढें आले, असें हें विरळ उदाहरण आहे. त्याचें कारण परदेशी बाजार. ब्राझीलचें इथेनॉल व साखर युरोप-अमेरिकेंत खपवावयाची होती, व धुराचा डाग त्या मालावर नको होता. उंसाच्या स्वच्छतेचें बॉनसुक्रो नांवाचें जें प्रमाणपत्र आज जगांत चालतें, तें पहिल्यानें मिळविणारा कारखानाही २०११ सालीं ब्राझीलमधलाच निघाला.

पण त्याची दुसरी बाजू आमच्या लोकांनीं विसरूं नये. धूर थांबला तो यंत्रानें तोड सुरू झाल्यामुळें, आणि हातानें तोडणारे लक्षावधि मजूर त्या कामांतून गेले. आपल्याकडे बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून दर वर्षीं कोयता घेऊन निघणारीं कुटुंबें आहेत, आणि आपलीं रानें अर्धा-एक एकराचीं आहेत; तेथें मोठें यंत्र वळतही नाहीं. साऊं पाउलोची नक्कल करावयाची नाहीं. घ्यावयाचें तें एवढेंच कीं, तेथें कारखाना व ऊंसवाला एकाच कागदावर सही करते झाले, व मुदती दोघांनींही पाळल्या.

सेंद्रिय कापसाचें उदाहरण बहुतेकांच्या परिचयाचें आहे, म्हणून त्यावर थोडक्यांतच लिहितों. नियमाप्रमाणें रान सेंद्रिय ठरण्यास दोन-तीन वर्षें जातात. त्या वर्षांत रासायनिक खत नाहीं, उत्पन्न घटतें, आणि माल मात्र साध्या भावानें विकावा लागतो. वाढीव भाव मिळण्यास सुरुवात व्हावी तोंच कित्येकांचा धीर सुटतो. कापड गिरणीस स्वच्छ कापूस हवा असतो, पण तो तयार होण्याच्या वर्षांचें भाडें कोणी देत नाहीं. उंसांत आपण तीच वाट धरली तर तेंच होणार.

आतां कारखान्याचीही अडचण न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. उंसाचा दर २०१८-१९ सालीं क्विंटलमागें २७५ रुपये होता तो वर सांगितल्याप्रमाणें ३५५ वर आला. मधल्या काळांत उताऱ्याचा पाया दहावरून सव्वादहा टक्के झाला, हें खरें. तरी वाढ लहान नव्हे. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्यें किलोस ३१ रुपये ठरला, व पुढें सहा वर्षें तो आंकडा हालला नाहीं. इथेनॉलच्या आशेनें कारखान्यांनीं कर्जें काढून आसवन्या उभारल्या. आणि ७ डिसेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें उंसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास एकाएकीं मनाई केली, ती २०२४ च्या ऑगस्टमध्यें उठविली. साखरेची निर्यातही २०२२ पासून सरकारच्या परवानगीच्या दोरींत बांधली गेली. अशा स्थितींत कोणा संचालक मंडळानें “स्वच्छ उंसास टनामागें इतके रुपये अधिक” असा ठराव करण्यास मागें पुढें पाहिलें, तर त्यांस कंजूष म्हणतां येणार नाहीं. रोख पैसा नाहीं, हें त्यांचें म्हणणें पुष्कळ ठिकाणीं खरें आहे.

परंतु मोबदला रोखच असावा असा कोठें नियम आहे? आमची सूचना अशी कीं, तो जिनसेच्या रूपानें द्यावा. शंभर टन उंसामागें तीन ते चार टन प्रेसमड निघतो. पांच लाख टन गाळणाऱ्या कारखान्यांत तो पंधरा ते वीस हजार टन होतो. एकरीं तीन टन धरले तर पांच-सहा हजार एकरांस पुरेल. एकरीं चाळीस टन उतारा धरला तर पांच लाख टन ऊंस साडेबारा हजार एकरांतून येतो. म्हणजे प्रेसमड सर्वांस पुरणार नाहीं, निम्म्याहून कमी रानास पुरेल. आणि जें सर्वांस पुरत नाहीं तें वांटतांना कोणास पहिलें द्यावयाचें हें ठरवावेंच लागतें. आज तें कसें ठरतें, हें प्रत्येक वाचकानें आपल्या मनाशीं आठवावें. ज्याचा ट्रॅक्टर पहिला उभा, ज्याची संचालकाशीं ओळख, किंवा अलीकडे ज्या गॅसच्या प्रकल्पाचा भाव अधिक, त्यास तो जातो. त्याऐवजीं ज्यानें पाचट राखलें, ज्याचें रान ठिबकावर आहे, त्याच्या पावतीवर तशी नोंद होऊन त्याच्या टनांच्या प्रमाणांत प्रेसमड फुकट अथवा वाहतुकीच्या खर्चांत त्याच्या बांधावर पोंचला, तर पाचट कुजविण्याचा त्याचा खर्च बराच हलका होईल. जेथें सांडपाणी जाळण्याचा बॉयलर बसविला आहे, तेथें पालाशाच्या राखेचीं पोतींही ह्याच न्यायानें द्यावीं. आपल्या रानाचा पालाश आपल्या रानांत परत येईल. कारखान्यास रोकड मोजावी लागणार नाहीं, आणि त्याच्या गिऱ्हाइकास दाखविण्यास खरीखुरी वही तयार होईल.

ह्या वहीविषयीं दोन शब्द. आमची नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली, म्हणून कागदाची बाजू आम्हांस थोडी ठाऊक आहे. तपासनीस येऊन तेंच तें विचारतात: गट नंबर कोणता, क्षेत्र किती, पाणी कशाचें. हें सारें गांव नमुना बारामध्यें आधींच असतें. जलसिंचनाच्या साधनाचा रकाना त्यांत आहे, व १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळें शेतकरी स्वतः छायाचित्रासह पीक नोंदवूं शकतो. मग कारखान्यानें निराळे चार नमुने कां भरून घ्यावेत? त्यांत सहीसाठीं बोटें दुखतात आणि माहिती जुळत नाहीं. न जुळण्याचें खरें कारण मात्र आपल्याकडेच आहे. वाटप तोंडी झालेलें असतें. उतारा थोरल्या भावाच्या नांवें, ऊंसाची नोंद धाकट्याच्या नांवें, आणि रान कसणारा तिसराच. शेअर वडिलांच्या नांवें, ते वारून दहा वर्षें झालेलीं! अशा नोंदीवर स्वच्छ उंसाचा मोबदला कोणास द्यावा? तो ज्याच्या नांवें कागद त्यास जाईल व ज्यानें पाचट ओढलें तो कोरडा राहील. वारस नोंदी व वाटपाचे फेरफार ज्यांनीं लांबणीवर टाकले आहेत त्यांनीं ते आतां करून घ्यावेत. हें काम तपासनिसासाठीं नसून आपल्याच घरासाठीं आहे.

नोंद खोटी होईल, सगळेच “पाचट राखलें” म्हणून सांगतील, असा आक्षेप आम्हीं ऐकला आहे. आक्षेप पोकळ नाहीं. पण पाचट जाळलेलें रान लपत नाहीं. काळा पट्टा महिनाभर दिसतो, आणि शेजारी काय तो डोळे मिटून बसतो? चिटबॉयनें तोडीनंतर पंधरा दिवसांनीं एक फेरी मारून पावतीवर एक खूण केली म्हणजे झालें. ठिबकाचें रान तर उन्हाळ्यांत बांधावरूनच ओळखूं येतें. तेवढ्यासाठीं विलायती तपासनिसाची फी मोजण्याची गरज नाहीं.

सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबर अखेरपर्यंत भरतात. सहकारी कारखाना म्हणजे सभासदांच्या शेअरांवर उभी राहिलेली संस्था. प्रवरेच्या कांठीं १९५० च्या अखेरीस पहिलें गाळप झालें तें याच तत्त्वावर. तेव्हां ही गोष्ट सरकारकडे अर्ज करून मागण्याची नाहीं, सभेंत ठराव मांडून करून घेण्याची आहे. ठराव असा असावा: येत्या हंगामापासून काट्याच्या पावतीवर “पाचट राखलें किंवा कसें” व “पाण्याची रीत” असे दोन रकाने असावेत, प्रेसमड व पालाशाची राख यांचें वांटप प्रथम त्या रकान्यांप्रमाणें व्हावें, आणि नोंदीच्या तारखेनंतर ठरीव मुदतींत तोड न मिळालेल्या फडास जळित वजावट लावूं नये. अध्यक्ष बहुधा म्हणतील कीं विषय चांगला आहे, संचालक मंडळ विचार करील. त्यावर सभासदांनीं शांतपणें एकच प्रश्न विचारावा: गेल्या हंगामांत प्रेसमड किती टन निघाला, तो कोणास गेला, व काय दरानें गेला? अहवालांत हा आंकडा निराळा सहसा दिसत नाहीं. तो “इतर उत्पन्न” या एका ओळींत मिळालेला असतो. ती ओळ फोडून मागावी.